पाच बाय पाचचा तक्ता

सव्वीस वर्षं मी धोका मोजून पगार घेतला.
रबाळ्याच्या कारखान्यात, अमोनियाच्या टाक्यांपाशी.
शक्यता गुणिले गांभीर्य,
हिरवा, पिवळा, लाल.
गुणाकार चौथीतल्या पोरालाही जमेल असा,
पण खाली सही माझी लागे.

म्हणून सोसायटीने मलाच सांगितलं,
तुम्ही यातले, तुम्हीच नियम करा.
ऐरोली, पाच मजले, एकोणीस बिऱ्हाडं आणि एक कुलूप.
लिफ्टच्या बटणांसाठी काड्यापेटी दोऱ्याने टांगली,
पेपर बंद केले,
दुधाच्या पिशव्यांना साबणाची आंघोळ.
दिवागावची मासळीवाली बारकूबाई:
शक्यता चार, गांभीर्य चार. सोळा. लाल.

ती फाटकाबाहेर उभी राही, टोपलीवर ओलं फडकं.
"काय रं सायेब, बोंबलाला पन ताप येतो काय?"
मी वरून, गॅलरीतून, हसलो.
आकडा बदलला नाही.

स्वतःला मी दोन दिले होते.
मास्क नीट लावणारा माणूस,
शिवाय अत्यावश्यक सेवा,
शिवाय, खरं सांगायचं तर, पेन माझ्याच हातात.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी
तीन नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह किंचित गळला.
पोरं खोकत मागे सरली.
मी तिथेच. मनात म्हटलं,
किती घाबरट झालीत ही, कुठे काय आहे?
मग डोळे चुरचुरले.
डोळ्यांना कळत होतं. नाकाला नाही.

व्हॉल्व्ह आवळून घेतला. वहीत लिहिलं,
गळती किरकोळ, वेळेत बंद.
पुढचा रकाना होता "अन्य निरीक्षणे".
तो कोरा सोडला.

संध्याकाळी स्कूटर मुद्दाम खाडीपर्यंत नेली.
ओहोटी होती, चिखल उघडा पडलेला.
ज्या वासाला वीस वर्षं शिव्या घातल्या
तो काही केल्या येईना.
हेल्मेट काढलं, मास्क काढला,
कठड्याला टेकून कुत्र्यासारखा हुंगत राहिलो.
मागून जाणारा एक जण दबकून म्हणाला, काका, मास्क.

फाटकावर शिवपूजन.
तो ठेंगणा, मी ताडमाड,
कपाळावर ते प्लॅस्टिकचं पिस्तूल धरायला
त्याला रोज टाचा उंचवाव्या लागत.
त्या दिवशी मीच वाकलो,
त्याला त्रास नको म्हणून.
सत्त्याण्णव, तो म्हणाला. ओके साहब.

सोमवारपर्यंत मी कुणाला बोललो नाही.
इंदूलाही नाही. चहा छान झालाय म्हणालो, दोनदा.
रविवारी पार्किंगमध्ये कमिटी बसली,
खुर्च्या सहा-सहा फुटांवर,
विषय एकच, बारकूबाईला आत घ्यायचं का.
मी विरोधात बोललो. मुद्देसूद.
टाळ्या वाजवायची सोय नव्हती, माना हलल्या.

मला चार दिवस ताप. बस.
शिवपूजन वाशीच्या त्या मोठ्या हॉलमध्ये बावीस दिवस,
त्यातले नऊ ऑक्सिजनवर.
ग्रुपवर चर्चा चालली, कुणाकडून आला असेल?
कुणी दूधवाला म्हणालं, कुणी मासळी.
मी टाइप केलं, "असं सांगता येत नाही."
ते खरंच होतं. अजूनही खरंच आहे.
इतकं सोयीचं खरं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं.
टाचा उंचावून म्हणाला, नॉर्मल साहब.
मी त्याला पाच हजार दिले. दिवाळीचे म्हणून.
दिवाळीला दीड महिना होता.

कारखान्यात अजून तोच तक्ता चालतो,
नव्या पोरांना मीच शिकवतो.
एकीने विचारलं, सर, शक्यता कोण ठरवतं?
जेवणाची सुट्टी झाली होती.

वास आला परत, पण वाकडा.
कांदा जळका लागतो, अगरबत्ती रॉकेलसारखी.
बोंबील मात्र जसेच्या तसे.
बारकूबाई आता थेट जिन्यापाशी बसते.
ती सांगेल तो भाव देतो मी.
परवा नोट हातात धरून
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
"घासाघीस नाय करत तू हल्ली.
बरा हायेस ना, सायेब?"